विचर ४ : सिरी येतेय, पण पैसे आधी भरायचे का?

खारवलेला बोका (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

परवा 'विचर ३' (पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या गेराल्ट नावाच्या विचरचा व्हिडिओ गेम) तिसऱ्यांदा संपवला. रात्रीचे अडीच वाजले होते, सकाळी नऊला मीटिंग होती, तरी झोपायचं सोडून 'विचर ४'चा ट्रेलर पुन्हा लावून बसलो. डिसेंबर २०२४ मध्ये गेम अवॉर्ड्सला दाखवला तोच. पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : स्ट्रॉमफोर्ड नावाचं गाव. रानात बाउक नावाचा राक्षस राहतो, गाव त्याला पोरीचा बळी देतं. यंदा पाळी मिओनीची. सिरी, म्हणजे गेराल्टची मानलेली लेक आणि या वेळची नायिका, मध्ये पडते, पोरीला परत पाठवते, बाउकला मारते, रक्ताने माखून गावात येते, तर मिओनी मेलेली. गावकऱ्यांनीच मारलेली, विधी मोडला म्हणून.

तेव्हा अंगावर काटा आला होता. आता काटा बसलाय आणि डोक्यात हिशोब सुरू झालाय. पूर्ण ताकदीने काम सुरू झालं नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि २०२७च्या आधी गेम येणार नाही हे तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीनेच सांगून टाकलंय. म्हणजे भांडायला वेळ भरपूर आहे. आपापल्या आशा आणि धास्ती इथे ओता. सुरुवात मी करतो.

आशा एकच. 'विचर ३'मधल्या वेलेनसारखी गावं मिळोत. चिखल, भूक, लढाईतून पळालेले शिपाई, आणि झोपडीझोपडीत अशी गोष्ट की कोणाची बाजू घ्यायची ते ठरवताना बटणावरचा अंगठा थबकावा.

धास्ती म्हणजे, आतापर्यंत जे दाखवलंय ते कोव्हिरमधलं आहे. उत्तरेचं श्रीमंत राज्य. खाणी, व्यापार, सावकारी, आणि लॅन एक्सेटर हे कालव्यांवर वसलेलं राजधानीचं शहर. पैसेवाल्यांच्या देशात वेलेनचा चिखल आणणार कुठून? दिसायला देखणं, आत पोकळ, असं नको व्हायला.

मधली सुट्टी

पहिला!

बोक्या, खाणी आहेत म्हणालास ना? मग चिखल आणि भूक कुठे जातात? खाणीचा मालक श्रीमंत असतो, खाली उतरणारा नाही. उलट मला कोव्हिर जास्त आवडतंय. वेलेनमध्ये लोक वाईट वागतात कारण लढाईने त्यांचं वाटोळं केलंय, त्यांना माफ करायला सोपं जातं. पोट भरलेली माणसं वाईट वागतात तेव्हा जास्त मजा येते. (गेममध्ये. प्रत्यक्षात आमच्या सोसायटीच्या सभेला येऊन बघा.)

नानाची टांग

ट्रेलरवर भाळणाऱ्यांनो, डिसेंबर २०२० विसरलात?

माझं स्वतःचं रडगाणं राहू दे, सगळ्या जगाने पाहिलं तेवढंच सांगतो. याच कंपनीच्या 'सायबरपंक २०७७'ची तारीख आधी १६ एप्रिल २०२०. मग १७ सप्टेंबर. मग १९ नोव्हेंबर. गेम 'गोल्ड' झाला, आता मागे फिरणं नाही, असं जाहीर केलं आणि त्यानंतर पुन्हा ढकलून १० डिसेंबर. समीक्षकांना आधी खेळायला दिला तो पीसीवरचा, पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवरचा दिलाच नाही. का दिला नाही ते १० तारखेला कळलं. आठवड्याभरात, १७ डिसेंबरला, सोनीने तो आपल्या स्टोअरवरून उतरवला आणि लोकांचे पैसे परत द्यायला घेतले. परत चढला तो थेट जून २०२१ मध्ये. एवढ्या मोठ्या गेमची अशी गत मी तरी दुसरी पाहिली नाही.

गुंतवणूकदार कोर्टात गेले, तिथे १८.५ लाख डॉलरवर मिटवलं. आणि आधी 'कोणाला जबरदस्तीने जादा काम करायला लावणार नाही' म्हणणाऱ्या कंपनीने शेवटच्या महिन्यांत आठवड्याचे सहा दिवस काम सक्तीचं केलं होतं.

तेव्हा सिरी, बाउक, कोव्हिर सगळं ठीक. माझा प्रश्न एकच आहे. पैसे आधी भरणारेत का?

लोडिंग होतंय

नाना, पूर्ण सांगा ना मग. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० चा पॅच आला, त्याच महिन्यात 'फँटम लिबर्टी' हा जोडभाग आला, आणि आज सायबरपंक माझ्या मते गेल्या दहा वर्षांतल्या उत्तम गेमपैकी एक आहे. पोलिसांपासून कौशल्यांच्या झाडापर्यंत सगळं मोडून परत बांधलं त्यांनी. किती कंपन्या असं करतात? बाकीचे हात झटकून पुढच्या गेमला लागतात.

नानाची टांग

@लोडिंग होतंय, जेवायला बोलावलं, पान वाढलं, भात कच्चा. पाहुण्याने दोन घास खाऊन हात धुतले. तीन वर्षांनी यजमान डबा घेऊन घरी आला, आत फक्कड बिर्याणी. बिर्याणी चांगली होती, मान्य. पण पुढच्या वेळी त्या घरी जाताना मी घरून खाऊन निघणार.

आंबोळी

नाना :D

पण दोघांचंही बरोबर आहे. मी सायबरपंक २०२४ मध्ये सेलमध्ये घेतला, एकही अडचण आली नाही, शेवटी डोळे पुसत बसले. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले त्यांच्या जिवावर आम्हाला तो तयार होऊन मिळाला, हे मात्र डोक्यातून जात नाही. सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाईकाला सगळ्यात वाईट माल, असा उलटा व्यवहार आहे हा.

फ्रेममोजणी

इंजिनाबद्दल (म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बांधतात त्याबद्दल) कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

'विचर २', '३' आणि सायबरपंक हे सगळे कंपनीच्या स्वतःच्या रेड इंजिनावर केलेले. 'विचर ४' अनरिअल इंजिन ५ वर होतोय, हे मार्च २०२२ मध्येच जाहीर झालंय. बऱ्याच जणांना हे आवडलेलं नाही. 'आता सगळे गेम एकसारखे दिसणार' ही ओरड त्यातलीच. मला ती पटत नाही. एकसारखं दिसणं चित्रकारांच्या हातात असतं, इंजिनाच्या नाही.

घरचं इंजिन का सोडलं, तर दर वेळी गेमबरोबर इंजिनही नव्याने बांधावं लागायचं. चूल बांधतोय आणि त्याच वेळी त्यावर पुरणपोळ्याही करतोय, अशी अवस्था. सायबरपंकमध्ये काय झालं ते नानांनी सांगितलंच. आता चूल दुसऱ्याने बांधलेली आहे. शिवाय नवा माणूस कामावर आला की त्याला अनरिअल आधीच येत असतं, रेड इंजिन शिकवण्यात महिने जायचे ते वाचतात. आणि एक गोष्ट लोक विसरतात : २००७चा पहिला 'विचर' उसन्याच इंजिनावर होता. बायोवेअरच्या ऑरोरावर. त्या वेळी कोणी बाटला म्हटलं नाही.

माझी धास्ती वेगळी आहे. अनरिअल ५ वर आलेल्या बऱ्याच मोठ्या गेमना पीसीवर 'स्टटर'चा रोग आहे. सरासरी फ्रेम रेट ८०-९० दिसतो, पण मध्येच चित्र अडखळतं. कारणं मुख्यतः दोन. एक, शेडर. प्रत्येक पृष्ठभाग कसा रंगवायचा याच्या सूचना तुमच्या ग्राफिक्स कार्डाला कळतील अशा रूपात आणाव्या लागतात. ते काम आधी उरकलं नाही तर भर खेळात करावं लागतं आणि झटका बसतो. दोन, मोठ्या मोकळ्या नकाशात धावताना पुढचा भूभाग चढवायचा आणि मागचा उतरवायचा असतो, त्यातही झटका बसतो. घोडा भरधाव सोडायचा गेम आहे हा. दुसऱ्या कारणाचीच परीक्षा.

३ जून २०२५ ला ऑरलँडोत, अनरिअल बनवणाऱ्या एपिकच्या कार्यक्रमात, सीडी प्रोजेक्टने 'विचर ४'चा डेमो दाखवला. साध्या पीएस५ वर, प्रो नव्हे, ६० फ्रेमला, रे ट्रेसिंगसकट (उजेड-सावली खऱ्यासारखी दाखवायचं तंत्र). सिरी तिच्या घोडीवर, केल्पीवर, बसून डोंगर उतरते, जंगलातून वाल्ड्रेस्ट नावाच्या बंदरगावात येते, बाजारात ३०० माणसं हलताहेत. घोड्याच्या कातडीखालचे स्नायू सरकताना दिसतात. माझा जबडा खाली. पण नंतर कंपनीनेच सांगितलं की हा तंत्र दाखवायचा डेमो आहे, गेमचा तुकडा नव्हे. पुढे त्यांच्याच एका अधिकाऱ्याने एक्सबॉक्स सीरिज एसवर ६० फ्रेम गाठणं फार अवघड जाईल असंही कबूल केलं. हे कबूल करणं मला आशेचं वाटतं. २०२० मध्ये जुन्या कन्सोलबद्दल गोड बोलत होते.

लोडिंग होतंय

+१. आणि घरचं इंजिन म्हणजे सोवळ्यातलं होतं असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये 'विचर ३'चा नवा फुकट अपडेट आला तेव्हा पीसीवर किती अडखळत होता आठवतं ना? घरचंच होतं की ते.

गवताळ वाट

ग्राफिक्सवरून आठवलं. 'विचर ३'च्या २०१३च्या ट्रेलरमध्ये जे दिसलं आणि मे २०१५ मध्ये जे हातात आलं त्यात फरक होता, केवढा गदारोळ झाला होता. आणि तरी तो गेम आज सहा कोटींच्या वर खपलाय. कोणाला आठवतो आता तो धूर आणि ती पानं? मला गेराल्टची घोडी रोच घराच्या छपरावर उभी असलेली आठवते.

कट्टर गेराल्टवाला

मी स्पष्ट बोलतो, रागवू नका. गेराल्टशिवाय विचर म्हणजे विठोबाशिवाय पंढरपूर. सिरी चांगली आहे, पण ती विचर कशी? गवताची परीक्षा, म्हणजे ट्रायल ऑफ द ग्रासेस, विचर घडवायला पोरांवर व्हायची आणि बहुतेक पोरं त्यात मरायची. विचरांच्या गडावर, केर मोरहेनवर, हल्ला झाला तेव्हा ती विद्याच बुडाली. मग सिरीवर ही परीक्षा केली कोणी? ट्रेलरमध्ये तिचे डोळे मांजरासारखे आहेत, काढा पिते, चेहऱ्यावर शिरा काळ्या पडतात. म्हणजे झालीय. उत्तर पाहिजे.

आंबोळी

@कट्टर गेराल्टवाला, राग नाही. 'सिरी नको' म्हणणारे दोन प्रकारचे आहेत. एक तुमच्यासारखे, गोष्टीचा धागा कुठे तुटतोय ते बोट ठेवून सांगणारे. दुसरे, बाई दिसली की कपाळाला आठी घालणारे. त्यांच्यात 'हिचा चेहरा आधी असा नव्हता, हनुवटी वेगळी होती' असं मुलगी बघायला आल्यासारखं बोलणारे पण आले.

गोष्टीबद्दल मात्र तुमचा मुद्दा पक्का आहे. दिग्दर्शक सेबास्टियन कालेम्बा यांनी म्हटलंय की ती विचर कशी झाली याचं उत्तर गेममध्ये मिळेल. मिळालंच पाहिजे, कारण मला वाटतं ती सगळ्या खेळाची किल्ली आहे. 'विचर ३'मध्ये सिरीच्या वाट्याचे तुकडे खेळताना आठवा. इकडून गायब, तिकडे प्रकट, चार गुंडांचा फडशा डोळ्याचं पातं लवायच्या आत. एवढी ताकद घेऊन सुरुवात केली तर वाढायचं कशात? आरपीजी (पात्राची ताकद हळूहळू वाढवत न्यायचा गेम) म्हणजे पहिल्या तासाला रानकुत्र्यांनी फाडलं पाहिजे. तेव्हा तिची जुनी शक्ती गेली, किंवा तिनेच टाकली, किंवा परीक्षेच्या बदल्यात द्यावी लागली, असं काहीतरी असणार. बदल्यात दिली असेल तर वा! मोजून घेतलेली किंमत आहे, त्यावर गोष्ट उभी राहते. पहिल्याच दृश्यात डोक्यावर आपटून शक्ती विसरली असलं केलं तर मी इथे येऊन मोठा धागा काढीन.

कट्टर गेराल्टवाला

हनुवटीचं मी बोललो नव्हतो हां :)

आणि माझ्या 'विचर ३'च्या शेवटाचं काय? माझी सिरी सम्राज्ञी झाली होती. शंभर तास घालवून तिला गादीवर बसवली, आता ही तलवार घेऊन रानात?

मधली सुट्टी

गादी सोडून पळाली. पहिल्याच दिवशी दरबारातली भाषणं ऐकली असणार. पटण्यासारखं आहे.

बरं, गेराल्ट गेममध्ये आहे हे त्याचा आवाज देणाऱ्या डग कॉकल यांनीच सांगितलंय. फक्त नायक नाही. तुमचा विठोबा आहे, कीर्तन दुसरं कोणी करणार आहे एवढंच.

वेळ नसलेला बाप

मला दोन मुलं आहेत. एक सहाचा, एक दोनची. दिवसाला खेळायला मिळतात चाळीस मिनिटं, तीही हेडफोनचा एक कान उघडा ठेवून. माझी मागणी कोणी ऐकणार नाही, तरी लिहितो.

नकाशा लहान करा.

'विचर ३'मधली स्केलिगेची बेटं आठवा. समुद्रभर प्रश्नचिन्हं. बोटीने जायचं, तस्करांची तरंगती पिंपं, वर उडणाऱ्या सायरन, खाली उडी मारायची, आत काय? एक बरी तलवार आणि तीन कातडी. पुन्हा बोट. असे मी सहा आठवडे घालवले. सहा आठवडे! त्या काळात थोरल्याला दात आले.

उलट त्याच्याच 'ब्लड अँड वाइन' या जोडभागातलं तुसाँ. सगळा देश हिंडून होतो, दर वळणावर काहीतरी माणसाच्या हाताने ठेवलेलं. 'आमचा नकाशा मागच्यापेक्षा चौपट' असं कुठल्याही गेमच्या जाहिरातीत वाचलं की मला माझ्या आयुष्याचे महिने कापले गेल्याचा आवाज येतो. विचर ४ बद्दल तसं बोललेले नाहीत अजून, म्हणून आशा धरून आहे.

आंबोळी

पिंपं!! माझी अजून तेरा बाकी आहेत. नवरा म्हणतो, सोड ती. सोडवत नाहीत.

तिरफळ

इतका वेळ नुसती वाचत होते. बाउकवरून लिहायचंच आहे.

हा बाउक सर्बियाकडच्या लोककथांतला. 'विचर ३'मधली निम्मी भुतं अशीच स्लाव्ह लोकांच्या आज्यांनी नातवंडांना घाबरवायला सांगितलेली. आणि मी मालवणची असल्यामुळे पहिल्यांदा खेळले तेव्हा परकं असं काही वाटलंच नाही. पाण्यात ओढून नेणारे ड्राउनर? आमच्याकडे गिऱ्हा आहे. आजी सांगायची, त्याचा केस कापून लपवून ठेवलास तर तो घरात पाणी भरील, पण केस सापडला तर तुझी धडगत नाही. भर दुपारी शेतात दिसणारी, लग्नाआधी मेलेली नवरी? 'बारा वाजता एकटी जाऊ नको' हे कोकणात कोणत्या मुलीला सांगितलेलं नाही? व्हाइट ऑर्चर्डमधली ती ओसाड गावातली विहीर आठवा. विहिरीत मेलेली बाई, हाडं वर काढून अग्नी दिल्याशिवाय शांत होत नाही. आणि दलदलीतल्या त्या तीन म्हाताऱ्या बघून मला पाण्याकाठच्या साती आसरा आठवल्या. आमच्या आसरा बिचाऱ्या हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकवावर भागवतात, या कान मागतात.

पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते ब्लडी बॅरनचं. पोटातच गेलेलं, नीट पुरलेलं नाही असं मूल, त्याचं पिशाच्च झालेलं. गेराल्टकडे दोन वाटा. मारून टाक, किंवा बापाला, म्हणजे बॅरनला, ते उराशी धरून आणायला लाव, घराच्या उंबऱ्यापाशी पुरायला लाव, आणि त्याला नाव देऊन 'ही माझी लेक' म्हणायला लाव. म्हणजे काय आहे हे? बारसं आहे. दारू पिऊन बायकोला मारणारा तो दांडगा माणूस पावसात उभा राहून न जन्मलेल्या पोरीचं बारसं करतो. मी कंट्रोलर ठेवून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले.

माझी आशा एवढीच की भुतं अशीच घरातून आलेली असावीत. प्रत्येक भुतामागे कोणाचं तरी राहून गेलेलं काहीतरी असावं. डेमोत मँटिकोरने गाड्यांचा तांडा फोडलाय असं दाखवलं. मँटिकोर म्हणजे मोठ्या पंखांचं मोठं जनावर. ठीक आहे, लढायला मजा येईल. पण त्याच्यामागे कोणाची आई नाही.

खारवलेला बोका

तिरफळ ताई, दंडवत. मी तीनदा खेळलो तो प्रसंग, 'बारसं' हा शब्द एकदाही सुचला नाही.

रंकाळ्याकाठी

स्लाव्ह लोकांचा विषय निघालाच आहे आणि विचर बनतो पोलंडमध्ये, तर कोल्हापूरकराला गप्प बसवत नाही. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ आमच्या वळिवडे गावात छावणी करून राहिले होते. शाळा, चर्च, सगळं. वॉर्सॉत वळिवडे-कोल्हापूरचं स्मारक आहे. ज्या शहरात विचर बनतोय त्याच शहरात. म्हणून मी हा गेम घरचाच समजतो. कुणी हसू नये.

विस्तुलेचं पाणी

हसत नाही काका, ते स्मारक मी पाहिलंय. चार वर्षं नोकरीनिमित्त वॉर्सॉत आहे.

इथे विचर म्हणजे नुसता गेम नाही. २०११ मध्ये ओबामा इथे आले तेव्हा पंतप्रधान टुस्क यांनी दिलेल्या भेटींत 'विचर २' होता. हापिसातले लोक, ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नाही, त्यांनाही विचरच्या मूळ कथांचे लेखक सापकोव्स्की माहीत. त्यांचं आणि कंपनीचं पैशावरून वाजलं होतं तेही सगळ्यांना माहीत. हक्क एकरकमी विकले, गेम तुफान चालला, मग २०१८ मध्ये सहा कोटी झ्लॉटी मागितले. पुढच्या वर्षी नवा करार होऊन मिटलं.

कंपनीची सुरुवात मला फार आवडते. १९९४ मध्ये दोन मित्र, इविन्स्की आणि किचिन्स्की, बाहेरून सीडी आणून विकायचे. नावातलं 'सीडी' तेच. मग १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' संपूर्ण पोलिशमध्ये आणला. पायरसीने बुजबुजलेल्या बाजारात लोकांनी पैसे देऊन विकत घेतला, कारण आपल्या भाषेत होता. गेम बनवण्याआधी ही कंपनी भाषांतरावर उभी राहिली.

तिरफळ

म्हणजे मराठीत विचर मागायला हरकत नाही!

मधली सुट्टी

हो, आणि ड्राउनरला सरकारी परिभाषेत 'जलनिमज्जक' करून ठेवतील. नको.

तिरफळ

गिऱ्हा. मी करून देते सगळा तर्जुमा. फुकट. फक्त एकही 'निमज्जक' नाही.

फ्रेममोजणी

भुतांच्या गप्पांत एक राहिलं. 'सगळी गोष्ट तीन गेमची, पहिला आल्यापासून सहा वर्षांत तिन्ही' असा कंपनीचा बेत आहे. 'विचर ३' ते 'विचर ४' किमान बारा वर्षं. आणि पुढचे दोन सहा वर्षांत? वर पहिल्या विचरचा नवा अवतार फूल्स थिअरी या स्टुडिओकडे दिलाय, सायबरपंकचा पुढचा भाग बॉस्टनच्या स्टुडिओकडे. २०२३ मध्ये शंभरेक माणसं कमीही केली होती. अनरिअलमुळे वेग येईल हे त्यांचं गणित. माझं गणित असं की पहिल्या भागाच्या गोष्टीतला काही माल पुढच्या भागांसाठी राखून ठेवायचा मोह होणार. अर्धवट शेवट, 'उर्वरित पुढे'. ही माझी सगळ्यात मोठी धास्ती, स्टटरपेक्षाही.

नानाची टांग

बघा, इंजिनवाल्यालाही शेवटी गोष्टीचीच काळजी.

गवताळ वाट

खर्चाचं कोणी बोला रे. सायबरपंक पीसीवर २,९९९ ला आला होता. पीएस५चे नवे मोठे गेम आता ४,९९९ ला असतात. माझं ग्राफिक्स कार्ड सहा वर्षांचं आहे, ते डेमो बघतानाच गरम झालं. लॅमिंग्टन रोडला चौकशी केली तर दुकानदाराने आधी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि मग भाव सांगितला.

वेळ नसलेला बाप

कार्ड घेऊ नका अजून. गेम येईपर्यंत भाव बदलतील, कार्डं बदलतील. माझा तर सहाचा तोपर्यंत आठचा होईल आणि टीव्ही त्याच्या ताब्यात जाईल. मी पिंपंच गोळा करत बसणार.

कट्टर गेराल्टवाला

ग्वेंट, म्हणजे 'विचर ३'मधला पत्त्यांचा खेळ, असेल का पण? कोणी विचारलंच नाही. जग बुडतंय, सिरी हरवलीय, आणि मी खानावळीत बसून पत्ते खेळतोय, ही माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम आरपीजी होती.

आंबोळी

एका मुद्द्यावर तुम्ही-आम्ही एक झालो! ग्वेंट पाहिजे म्हणजे पाहिजे.

खारवलेला बोका

सगळ्यांचे आभार, धागा भरात आहे तो चालू ठेवा. मधली सुट्टी यांचं पटलंय, कोव्हिरची धास्ती निम्मी झाली. तिरफळ ताईंनी नवीच लावून दिली : आता प्रत्येक भूत दिसलं की 'याच्यामागे कोण?' असं विचारत बसणार. आणि नाना, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. नाही भरणार. समीक्षा येऊ देत, कन्सोलवर खेळलेल्या माणसांच्या समीक्षा, पीसीच्या नव्हे. त्यानंतर दोन आठवडे थांबणार. ठरलं.

नानाची टांग

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय हा प्रतिसाद. तारीख जाहीर होईल त्या रात्री इथेच चिकटवतो. कलेक्टर आवृत्तीत केल्पीवर बसलेल्या सिरीची मूर्ती निघाली तर?

खारवलेला बोका

...मूर्ती किती उंच?